यंत्राचा हात आणि आजीचा कणा

मणका मोडायला माणसाने पडावेच लागते असे नाही. हाडे ठिसूळ झाली असली, की गादी उचलताना किंवा पाण्याची बादली सरकवतानाही तो आतल्या आत चेपतो. घरात मात्र 'चमक भरली' म्हणून बाम चोळला जातो. अशा मणक्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश निदानापर्यंत पोहोचतच नाहीत. आजी वयोमानाने वाकली, असे म्हणून आपण मोकळे होतो.

माझ्या थोरल्या बहिणीचा मणका असाच चेपला, तेव्हा भाचा यंत्रमानवी शस्त्रक्रियेचे चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला. उभी हयात बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्याने मला मागचे पान आधी उलटायची सवय आहे.

हे यंत्र स्वतः शस्त्रक्रिया करीत नाही. सीटी स्कॅनवरून मार्ग आखला जातो, यंत्राचा हात ठरल्या कोनात नळी धरतो आणि तीतून सुई किंवा स्क्रू सर्जनच घालतो. मज्जारज्जूला खेटून काम करताना मिलिमीटरचीही किंमत असते, म्हणून ही मदत मोलाची. मणका अस्थिर असेल वा नसा दबल्या असतील, तर ती नाकारण्यात शहाणपण नाही.

पण सुई कुठे घालायची हे यंत्र सांगते. घालायची की नाही, हे माणसानेच ठरवायचे असते. मणक्यात सिमेंट भरण्याची रीत १९८४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. २००९ मध्ये दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काहींना सिमेंट भरले, काहींवर नुसता तसा देखावा केला. दोहोंच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही! पुढे २०१६ च्या एका चाचणीत मोड ताजी असताना फायदा दिसला. वाद अजून मिटलेला नाही. बहिणीच्या नसा दबलेल्या नव्हत्या. सर्जननीच सांगितले, 'घाई नको. औषधे, पट्टा आणि थोडा धीर.'

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. हाडांच्या खात्यात साधारण तिशीपर्यंत जमा होते, पुढे खर्चच. पाळी गेल्यावर तो झपाट्याने वाढतो. एक मणका चेपलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ पाचांतल्या एकीचा दुसरा मणका वर्षभरात चेपतो. सिमेंट एका मणक्याला सावरते; बाकीचे तितकेच ठिसूळ राहतात. त्यांच्यासाठी हवी हाडांच्या घनतेची तपासणी, डॉक्टरांनी दिलेली हाडांची औषधे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचे चालणे. शस्त्रक्रियेसाठी लाखाची जुळवाजुळव करणारे घर या साध्या तपासणीला मात्र 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणते. आणि आई स्वतःहून कधी मागत नाही.

दाराच्या चौकटीवर आपण नातवंडांची उंची पेन्सिलीने मांडतो. तिथेच आजीचीही मांडावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती चार सेंटिमीटरने खाली आली असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. त्यासाठी यंत्रमानव लागत नाही.