खिळलेले पाऊल आणि निष्क्रिय शासन

कंपवात म्हणजे केवळ हातांची थरथर नव्हे. सपाट जमिनीवर चालता चालता रोग्याचे पाऊल एकाएकी खिळते. मात्र त्यातल्या अनेकांना जिना चढता येतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हे हेरले आणि फरशीवर पायऱ्यांचा आभास देणारे चित्र अंथरले; काका त्यावरून न अडखळता चालले. जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या, कानावर पडणारा ठेका, काठीतून पावलापुढे पडणारी लेसरची रेघ, ही त्याच तत्त्वावरची साधने होत.

मग मिरकरवाड्यात जन्मभर मचव्यावर तोल सांभाळलेल्या तांडेलाने म्हातारपणी कंपवात झाला म्हणून घरात खिळून का राहावे? तंत्रज्ञान महाग आहे, ही सबब खोटी आहे. पट्ट्या आखण्यास रंगाचा एक डबा पुरतो. उणीव आहे ती रोग्याला पारखून चालण्याचा सराव देणाऱ्या फिजिओथेरपिस्टची. आणि गरिबाच्या दारी त्याला बाजार पाठवणार नाही.

२०१६ च्या कायद्याने कंपवाताला अपंगत्व मानले आहे. तेव्हा ही सेवा म्हणजे दया नव्हे, हक्क आहे. १८१७ साली या रोगाचे वर्णन करणारे जेम्स पार्किन्सन सार्वत्रिक मताधिकारासाठीही झगडले होते. कार्यकर्त्यांनी हा वारसा ओळखावा आणि बंदरावर फिजिओथेरपिस्टची नियमित फेरी सुरू होईपर्यंत शासनाला स्वस्थ बसू देऊ नये.