गाडी बंद झाली म्हणून रेघ पुसू नका

१/ १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नसीर खानाचा रोहिणखेड येथे पराभव केला. आज मोबाइलवरील नकाशात रोहिणखेड पाहा : रस्ते दिसतील, रणभूमी दिसणार नाही. तिची जागा कोणी आखून ठेवलीच नाही. ती हानी आता भरून येणार नाही. बंद रेल्वेमार्ग नकाशावरून पुसून आपण जी हानी करतो, ती मात्र टाळता येईल.

२/ रोहिणखेडच्या उत्तरेला, सातपुड्यात पाहा. अकोला–खंडवा हा मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात असे. धूळघाटाजवळ चढ सौम्य व्हावा म्हणून तो वळसा घेऊन स्वतःच्याच खालच्या रुळांवरून पलीकडे जाई. २०१७ मध्ये गाड्या थांबल्या. पुढे व्याघ्र प्रकल्प टाळून ब्रॉडगेज मार्ग बुलढाणा जिल्ह्यातून नेण्याचे ठरले. ते योग्यच झाले.

३/ मग प्रश्न येतो : गाडीच धावत नाही, तर रेघ कशाला? नकाशा म्हणजे वेळापत्रक नव्हे. जमिनीवर जे आहे ते दाखवणे हे त्याचे काम. भराव, मोऱ्या, पुलांचे खांब, डोंगर कापून काढलेली वाट हे सारे शेवटच्या गाडीबरोबर निघून जात नाही.

४/ दिशाभूल होते, हा आक्षेप अधिक सबळ आहे. बंद मार्ग चालू म्हणून दाखवणे हे असत्यच. पण त्यावर उपाय वेगळी रेघ हा आहे, कोरी जागा नव्हे. ओपनस्ट्रीटमॅपवर ‘रूळ आहेत, वाहतूक नाही’ आणि ‘रूळ गेले, भराव उरला’ अशा दोन स्वतंत्र नोंदी करता येतात. ‘शकुंतला’ची मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज वाट काही ‘नाहीशी’ झालेली नाही. ती बंद आहे. तसेच लिहा.

५/ जेथे नांगर फिरला आणि खूणच उरली नाही, तेथे चालू नकाशावरील रेघ जरूर काढा. पण आधी ती ऐतिहासिक नकाशात उतरवा. नोंद न करता पुसणे म्हणजे दप्तर जाळणे होय.

६/ यासाठी मेळघाटात विनापरवाना शिरण्याची गरज नाही. जुने सर्वेक्षण नकाशे आणि उपग्रहचित्रे घरबसल्या ताडून पाहता येतात. रोहिणखेडची लढाई आपण फरिश्त्याच्या इतिहासात वाचतो, पण नेमक्या जागी उभे राहू शकत नाही. धूळघाटाचा वळसा अजून बोट ठेवून दाखवता येतो. तो आजच आखून ठेवा.