पिग्मीच्या बारा लाख ओळी

आपल्या सीमाभागात पिग्मी माहीत नसलेले घर विरळाच. उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ साली ही योजना आणली. भाजीवाला असो की टेलर, रोजचे थोडे थोडे पैसे त्याच्या दारातून गोळा करायचे. आता पावती मशीनमधून निघते आणि नोंद संगणकात जाते. पंचाईत होते ती मार्चअखेर, जेव्हा ऑडिटर म्हणतात, "सगळे व्यवहार एका फाइलीत द्या."

माझा भाचा इथे कॅम्पातच घरी बसून पतसंस्थांसाठी वेब अ‍ॅप्लिकेशन लिहितो. त्याने मला हिशेबच मांडून दाखवला. समजा ४०० खाती आणि वर्षाचे ३०० दिवस. वर्षाला १ लाख २० हजार ओळी, दहा वर्षांत १२ लाख. एक्सेलच्या एका शीटवर मावतात १०,४८,५७६. वरच्या दीड लाखांसाठी एक सूचना येते, आपण घाईत ती बंद करतो. यादी तारखेने लावलेली असेल तर गळते ते नेमके अलीकडचे सव्वा वर्ष! ज्याने याच वर्षी मुलीच्या लग्नासाठी रोजची रक्कम वाढवली, त्याची वाढ कागदावर दिसणारच नाही.

हे नुसते कल्पनेतले भय नव्हे. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून असेच सुटले. तिथे एक्सेलचा जुना नमुना वापरात होता, त्यात ६५,५३६ च ओळी मावत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध वेळेत सुरूच झाला नाही.

बरे, फाइल निघायला तर हवी! "मावशी, सगळं एकदम मागितल्यावर सर्व्हर बसतोय की," भाचा म्हणाला. तो जँगो नावाचे फ्रेमवर्क वापरतो. फ्रेमवर्क म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचा तयार सांगाडा. (हा सांगाडा अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मला, हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.) साध्या पद्धतीने लिहिले तर तो बाराही लाख ओळी आधी मेमरीत भरतो आणि मग फाइल करायला बसतो. तोवर मेमरी तरी संपते, नाहीतर वेळेची मर्यादा. पंगतीत कोणी आख्खे पातेले उचलून वाढत नाही, डावानेच वाढतात. जँगोतही तशी सोय आहे. दोन-दोन हजार ओळी आणायच्या, लिहायच्या, पुढे पाठवायच्या. फारच मोठी फाइल असेल तर काम मागे लावून द्यायचे आणि तयार झाल्यावर उतरवून घ्यायची.

यात एक खोच मात्र आहे. थोडे थोडे पाठवताना मध्येच बिघाड झाला, तर अर्धी फाइल हाती पडू शकते, आणि ती उघडते अगदी शहाण्यासारखी. म्हणून ओळी मोजल्याशिवाय ऑडिटरांकडे पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आपल्यासारख्या दुभाषी घरांचे दुखणे वेगळेच. एका ओळीत नाव मराठीत, दुसरीत कन्नडमध्ये. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली की कधी कधी पाटील आणि हिरेमठ दोघेही सारख्याच अगम्य खुणांत दिसतात! त्या बाबतीत तरी भेदभाव नाही. उपाय इवलासा आहे. फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक खूण लिहायची, म्हणजे एक्सेलला मजकूर युनिकोडमध्ये आहे हे कळते आणि दोन्ही लिप्या नीट उमटतात.

भाच्याने आता फाइलीच्या शेवटी ओळींचा आकडा देणारी एक ओळ जोडली आहे. ती नसली तर फाइल अर्धी समजायची. तिथे ‘एकूण’ लिहायचे की ‘ओट्टु’, यावर त्याचा आणि त्याच्या धारवाडच्या बायकोचा वाद अजून मिटलेला नाही.