सरडा म्हणजे कोणता सरडा?

गेल्या आठवड्यांत परसांतील कुंपणावर एक सरडा येऊन बसला आणि आमच्या धाकट्या नातवानें लागलीच दगड उचलला. त्याचा हात धरून आम्हीं विचारलें, "अरे, मारतोस तो कोणता सरडा, हें तरी ठाऊक आहे काय?" तो म्हणाला, "आजोबा, सरडा म्हणजे सरडा! त्यांत कोणता काय?" उत्तर ऐकून आम्ही मनांत खजील झालों, कारण तें आमच्याच शिकवणुकीचें फळ होतें. तीस वर्षें आम्हीं शाळेच्या फळ्यावर एकच सरडा काढिला व 'हा रंग बदलतो' एवढें सांगून मोकळे झालों. नृगराजा कृकलास होऊन विहिरींत पडल्याची कथा तर कितीदां सांगितली असेल. पण त्या कृकलासाच्या पायास बोटें किती, हें आम्हीं कधीं पुसलें नाहीं.

वस्तुतः नव्या जातीची ओळख शास्त्रज्ञ अशाच बारीक खुणांवरून पटवितात: अंगाची लांबी, खवल्यांची ठेवण, बोटांची संख्या, गळ्याचा रंग. मादागास्कर बेटाच्या उत्तरेस सोराता डोंगरांत २०१२ सालीं शॅमेलिऑन कुळांतील दोन चिमुकले सरडे सांपडले. २०२१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध होऊन त्यांस 'ब्रुकेसिया नाना' हें नांव मिळालें. हे नाना म्हणजे आपल्या घरांतील वडीलधारे नाना नव्हत. लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ खुजा. नराचें अंग नाकाच्या टोंकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अवघें १३.५ मिलिमीटर, शेपटीसह २१.६, मादी शेपटीसह २८.९. नर बोटाच्या पेरावर सहज बसेल. हीं पिलें तर नसतील? ही शंका मादीच्या उदरांत दिसलेल्या दोन अंड्यांनीं फेडिली. याचा रंग तपकिरी, भुईवरच्या पाल्याशीं मिळून जाणारा. ज्या रंगपालटाबद्दल हें कुळ प्रसिद्ध, त्याचा डामडौल येथें नाहीं.

हें झालें दूर देशचें. पण सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावर आमचे कित्येक विद्यार्थी लहानाचे मोठे झाले. तेथील खडकांवर बसणाऱ्या सरड्याच्या नरास गळ्याखालीं कातडीची घडी असते. उन्हाळ्यांत मादीस बोलाविण्यासाठीं व प्रतिस्पर्ध्यास धमकाविण्यासाठीं तो ती पंख्यासारखी उलगडतो. तींत निळा, काळा व नारिंगी असे रंग झळकतात. मागच्या पायास बोटें चारच. क्युव्हिए यानें १८२९ सालीं अशा सरड्यांस 'सिताना' हें नांव दिलें, आणि पुढें दीर्घकाळ द्वीपकल्पांतील बहुतेक पंखागळे सरडे एकाच जातींत मोडले गेले. २०१६ सालीं दीपक वीरप्पन, वरद गिरी व त्यांचे सहकारी यांनीं अवयवांची व आनुवंशिक द्रव्याची तुलना करून कांहींचें निराळें कुल ठरविलें. त्याचें नांव? 'सरडा'! आपला परसांतला मराठी शब्द शास्त्रीय नामावलींत जाऊन बसला. चाळकेवाडीची जात 'सरडा सुपर्बा', म्हणजे वैभवशाली सरडा.

परंतु या वैभवास एक गालबोट आहे. त्या पठारावर आतां पवनचक्क्या उभ्या आहेत. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, जेथें पवनचक्क्या आहेत तेथें शिकारी पक्षी कमी व म्हणून सरडे अधिक. त्यांची भीति ओसरली, पण अंगें रोडावलीं आणि गळ्याचे रंग फिके पडले. खाणारीं तोंडें वाढून आपसांत चढाओढ लागल्याचा हा परिणाम असावा. वीज आम्हांसही हवी. आमच्या घरांत दिवे तिच्यावरच लागतात. म्हणून पवनचक्कीस दोष देण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, आधीं कोणी त्या गळ्याचा रंग न्याहाळून ठेविला होता, म्हणूनच तो फिका पडल्याचें कळलें. जो सरडा नुसता 'सरडा' असतो, त्याचें काय हरपलें हें कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशीं कुंपणावर पुन्हा सरडा आला. नातवानें या खेपेस दगड उचलला नाहीं. श्वास रोखून, वांकून मागच्या पायाचीं बोटें मोजलीं. "आजोबा, पांच!" म्हणजे हा पंखागळ्या नव्हे, बागेंतला नेहमींचाच. तरीही मुलाच्या मुद्रेवर शोध लागल्याचा आनंद होता.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आम्हीं पुष्कळांस शिकविली. कुंपणाशीं थांबली होती ती आमची दृष्टि, हें मात्र आतां कळलें.