निर्यातीच्या मोटरवर जर्मन, आपल्या कूलरवर फक्त इंग्रजी: धोक्याचा इशारा कोणाच्या भाषेत?

उन्हाळा लागला की पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून कुणीतरी दगावल्याची बातमी येतेच. कधी चालू कूलरमध्ये पाणी भरायला गेलेली बाई असते, कधी ओल्या हाताने बटण दाबणारं पोर. ‘पाणी भरण्याआधी प्लग काढा’ एवढं एक वाक्य इथे जीव वाचवू शकतं. पण ते लिहिलेलं असलंच तर इंग्रजीत, मागच्या बाजूला आणि मुंगीएवढ्या अक्षरांत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने वर्षाला १२ हजारांहून अधिक माणसं मरतात. हे सगळे मृत्यू भाषेमुळे होतात असं कोणी म्हणणार नाही. अर्थिंग नसणं, जुनं वायरिंग, कापलेली तिसरी पिन ही मोठी कारणं आहेत. पण वायरिंग बदलायला पैसे लागतात, स्टिकरवर दोन ओळी वाढवायला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून हा प्रश्न विचारायला हवा.

निर्यातीला एक न्याय

आपल्या नगरच्या एमआयडीसीला विजेची उपकरणं नवीन नाहीत. क्रॉम्प्टन ग्रीव्हज, म्हणजे आताची सीजी पॉवर, इथे मोटर बनवते. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना इथलाच. तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकने घेतला. असा माल युरोपात पाठवायचा तर काय करावं लागतं ते पाहू.

युरोपीय संघाचा कमी दाबाच्या विद्युत उपकरणांचा निर्देश (२०१४/३५) एप्रिल २०१६ पासून लागू आहे. ५० ते १००० व्होल्ट एसीवर चालणारी बहुतेक उपकरणं त्यात येतात. त्यात स्पष्ट म्हटलंय की वापराच्या सूचना आणि सुरक्षेची माहिती वापरणाऱ्याला सहज समजेल अशा भाषेत असावी, आणि ती भाषा कोणती हे त्या-त्या देशाने ठरवावं. म्हणजे जर्मनीत जर्मन, पोलंडमध्ये पोलिश. संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत. जबाबदारी कारखानदाराची आहे, तशीच माल मागवणाऱ्या आयातदाराचीही.

कॅनडात धोक्याचे इशारे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत लागतात. खाडी देशांत अरबीचा आग्रह असतो. आपल्या मोहल्ल्यातून तिकडे वायरमन, फिटर म्हणून गेलेल्यांनी पॅनलवर अरबी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी पाहिलेलं असेल.

घरच्या ग्राहकाला दुसरा

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असं नाही. विजेच्या खांबावर, डीपीवर कवटी आणि हाडांचं चित्र असतं ना? १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासूनच २५० व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या ठिकाणी धोक्याची पाटी हिंदी किंवा इंग्रजीत आणि त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावण्याचं बंधन होतं. २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही ते आलं. कीटकनाशकांच्या नियमांतही डब्यासोबतचं माहितीपत्रक प्रादेशिक भाषेत द्यावं लागतं. म्हणजे औषध फवारणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं, हे सरकारने फार पूर्वीच मान्य केलंय.

मात्र तीच वीज घरात आली की गाडी अडते. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत वेष्टनावरचा आवश्यक मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत चालतो. इतर भाषा जोडायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. मग कंपनी इंग्रजी निवडते आणि मोकळी होते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक दार उघडलंय. कलम ८४ नुसार हानी टाळण्यासाठी पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. आता ‘पुरेशा’ म्हणजे काय? जी सूचना वाचणाऱ्याला कळत नाही, तिला पुरेशी म्हणायचं का? हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे नेटाने मांडायला हवा.

पाटीचं राजकारण, स्टिकरचं मौन

महाराष्ट्रात दुकानांच्या मराठी पाट्यांवरून केवढा गदारोळ झाला. २०२२ मध्ये कायदा बदलला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. चांगलंच झालं. पण त्या मराठी पाटीखालच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या गिझरवर मराठी आहे का, हे कोणी विचारलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरचं उर्दू सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलं. मराठीसोबत उर्दू असायला कायद्याची आडकाठी नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, तिचं काम लोकांपर्यंत बात पोहोचवणं आहे, असा त्या निकालाचा सार. सुरक्षेच्या इशाऱ्याला हा विचार तंतोतंत लागू पडतो. मराठी सक्तीची हवीच. जिथे उर्दू वाचणारे बरेच आहेत तिथे दुकानदाराने उर्दू पत्रकही ठेवलं तर कोणाचं काय बिघडतं?

खर्च आणि चित्रांचा मुद्दा

कारखानदार म्हणतील, देशात आठव्या अनुसूचीतल्याच २२ भाषा आहेत, छोट्या स्टिकरवर किती मावणार? मुद्दा खरा आहे. पण संपूर्ण पुस्तिका कोणी मागत नाही. तीन-चार जीवघेण्या धोक्यांची वाक्यं, माल ज्या राज्यात विकायचा तिथल्या भाषेत, एवढंच. क्यूआर कोड द्या म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की युरोपचा यंत्रांबाबतचा नवा नियम जानेवारी २०२७ पासून डिजिटल पुस्तिकेला परवानगी देतो, पण घरगुती वापरासाठी सुरक्षेची आवश्यक माहिती कागदावर द्यावीच लागेल.

चित्रांनी काम भागतं, पण शिकवली तरच. पिवळ्या त्रिकोणातली वीज पोरं ओळखतात. चौकोनात चौकोन म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, त्या उपकरणाला अर्थिंग लागत नाही, हे किती जणांना माहीत आहे? तीन पिनांतली लांब-जाड पिन अर्थिंगची असते. ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते, म्हणून ती कापायची नसते. आम्हा शिक्षकांना हे एका तासात शिकवता येतं, मराठी शाळेतही आणि उर्दू शाळेतही.

बाकी काम सरकारचं आणि आपलं. सरकारने राज्याच्या भाषेतला इशारा सक्तीचा करावा. आपण कूलर, गिझर, मिक्सर घेताना मराठीत सूचना कुठे आहेत ते दुकानदाराला विचारावं आणि पक्कं बिल घ्यावं. तोवर घरातल्या कूलरवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून टाका: आधी प्लग काढा, मग पाणी भरा. अम्मीला उर्दू येत असेल तर उर्दूत लिहा.