शंका-समाधान : चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

भांडुपहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून आखाती देशात नोकरीला आहे. तेथे श्रीमंतांच्या बंगल्यांत काचेच्या टाक्यांमध्ये खारे पाणी भरून जिवंत प्रवाळ पाळतात. त्या टाक्यांची देखभाल हे त्याचे काम. चारशे लिटरच्या एका टाकीतील प्रवाळांची वाढ थांबली आहे. मुकादम म्हणतो, "तुझा हात लागला की टाकी बिघडते." कॅल्शियम देण्याची पद्धत आता तूच ठरव, महिन्याभरात फरक दिसला नाही तर घरी पाठवू, असे त्याला बजावले आहे. मुलाने आईला फोनवर सांगितले आणि आईने आम्हाला लिहिले.

ताई, सप्रेम जयभीम. हात लागल्याने पाणी बिघडते, हे वाक्य आपल्या समाजाला नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले होते. पाण्यात काय कमी झाले ते मोजता येते. मोजल्याशिवाय कोणाच्या हाताला दोष देऊ नये आणि औषधही ओतू नये.

मोजायचे काय? प्रवाळ हा प्राणी आहे. पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो चुनखडीचा सांगाडा बांधतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा ज्या मापाने कळतो त्याला अल्कलिनिटी म्हणतात. समुद्रात ती ७ ते ८ जर्मन अंश असते. सांगाडा बांधताना २.८ अंश अल्कलिनिटी खर्च झाली तर कॅल्शियम लिटरला २० मिलिग्रॅमच कमी होते. म्हणजे अल्कलिनिटीची घट चटकन दिसते, कॅल्शियमची दिसत नाही. मुलाने तीन दिवस काहीही न घालता, रोज ठरलेल्या एकाच वेळी अल्कलिनिटी मोजावी व वहीत तारीखवार लिहावी. रोज जेवढी घट, तेवढी त्या टाकीची भूक. कॅल्शियम आठवड्यातून एकदा मोजले तरी चालेल. मॅग्नेशियमही एकदा पाहून घ्यावे. ते १३०० च्या खूप खाली असेल तर चुनखडी प्रवाळात जाण्याऐवजी काचेवर आणि पंपावर बसते.

आता पद्धत. घट नगण्य असेल, टाकीत बहुतेक मऊ प्रवाळच असतील, तर काही विकत घ्यायला नको. ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की पुरते. पण घट रोज एक अंशाच्या आसपास असेल तर आमचे मत चुन्याच्या निवळीच्या बाजूने आहे. जर्मनीचे हौशी लोक तिला 'काल्कवासर' म्हणतात. अर्थ तोच, चुन्याचे पाणी. ताई, तुमचे यजमान सफेदीचे काम करीत असे आपण लिहिले आहे. म्हणजे चुना काय चीज आहे हे तुमच्या घरात सांगायला नको!

निवळीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही असतात, तेही प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात. मागे मीठ साचत नाही. टाकीतून रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी ती घालायची. समजा रोज ५ लिटर पाणी उडते. तेवढ्या निवळीने चारशे लिटरच्या टाकीला दिवसाला जवळजवळ १.४ अंश अल्कलिनिटी आणि लिटरमागे १० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. शिवाय एसीसाठी बंद ठेवलेल्या घरात माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा सामू उतरतो. निवळी तो वायू शोषून सामू वर आणते. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडून प्रवाळाचा चुरा विरघळविण्याचे यंत्र मिळते, पण ते महाग, आणि सामू आणखी उतरविणारे. मोठ्या, दाट टाकीला ते ठीक आहे, या टाकीला नको.

भूक निवळीच्या आवाक्याबाहेर असेल तर कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा यांची दोन द्रावणे जोडीला द्यावीत. दोन्ही एका भांड्यात कधीही मिसळू नयेत, लगेच पांढरा साका बसतो. यातून थोडे मीठ वाढते, म्हणून खारेपणा तपासत राहावे. कॅल्शियम आधीच ३४० पर्यंत उतरले असेल तर निवळीने तो तोटा भरून निघत नाही. तो आधी कॅल्शियम क्लोराइडने काही दिवसांत हळूहळू भरावा, मग निवळी चालू करावी.

निवळी करताना भिंतीचा किंवा पानाचा चुना घेऊ नये. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे, पाणी आरओचे. लिटरला दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळते, जास्तीचा चुना तळाशी बसतो. वरची नितळ निवळीच घ्यावी, गाळ टाकीत जाऊ देऊ नये. भांडे झाकून ठेवावे. शाळेत निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते ना, तसाच उघड्या भांड्यावर पापुद्रा धरतो आणि निवळीचा कस जातो. रात्री सामू उतरलेला असतो, तेव्हा थेंब-थेंब सोडावी. भांड्यात एका दिवसापुरतीच ठेवावी. नळी किंवा झडप अडकून चार दिवसांची निवळी एकदम टाकीत गेली तर सकाळी सगळे पाणी पांढरे झालेले दिसेल, आणि मुकादमाला पुन्हा हात दिसेल.

मुलाच्या बोटांची कातडी सोलवटली आहे असे आपण लिहिता. निवळीचा सामू १२ च्या वर असतो. हातमोजे आणि चष्मा त्याने मालकाकडे मागावेत, तो त्याचा हक्क आहे. डोळ्यात उडाल्यास निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच डॉक्टरकडे जावे.

सुट्टीवर येताना प्रवाळाचा तुकडा आणू का, असे तो विचारतो. मुळीच आणू नये. परवान्याशिवाय दगडी प्रवाळ देशाबाहेर नेता-आणता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर दगडी प्रवाळही आहेत.

तीन दिवसांचे आकडे आणि रोज किती पाणी उडते ते आम्हाला कळवावे. हिशेब करून पाठवू.

जयभीम.