घरी एकटे कुत्रे आणि पिंजरा

नवरा-बायको कामावर, मुले शाळेत, आणि हौसेने आणलेले पॉमेरेनियन पिंजऱ्यात. असे चित्र आपल्या वस्तीतही दिसू लागले आहे. पिंजऱ्याला आमचा विरोध नाही. पण सकाळी ८ ते रात्री ८ त्यात कोंडणे आम्हाला मान्य नाही. ३ महिन्यांचे पिल्लू ३-४ तासांहून अधिक लघवी रोखू शकत नाही. मग ते घाणीतच बसून राहते. रविवारी विहारात पहिले शील म्हणणाऱ्या घरात हे शोभत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही, सतत कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणे हा गुन्हा आहे.

पिंजऱ्यात कुत्र्याला उभे राहता, वळता, पाय पसरून निजता आले पाहिजे. सुरुवातीला दार उघडेच ठेवा, जेवण आत द्या; पुढे ५-१० मिनिटे लावून पाहा. शिक्षा म्हणून कधी कोंडू नका. गळपट्टा काढा, जाळीत अडकून फास बसतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दार लावूच नये. दाट केसांच्या या जातीला ऊन सोसत नाही.

पाळी लांबची असेल तर पिंजरा उघडा ठेवून मोरीजवळचा कोपरा फळीने अडवा, पाणी ठेवा आणि चावी शेजारच्या आजींकडे द्या. दुपारी एकदा त्यांनी त्याला बाहेर फिरवून आणले तरी पुष्कळ झाले.